टाइट, तर्र आणि आडवी बाटली

बल्लारपूरच्या एखाद्या गॅरेजात दिवसभर सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडणारा इंग्रजी शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी पैजेवर सांगेन, ‘टाइट’. नट टाइट कर, चेन टाइट आहे, बेल्ट जरा टाइटच राहू दे. रात्री आठनंतर हाच शब्द यंत्रावरून उठतो आणि माणसाला चिकटतो. ‘काल तो फुल टाइट होता’ असं म्हटलं की चंद्रपुरात, गडचिरोलीत किंवा पुण्या-मुंबईत कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. गंमत अशी की टाइट झालेला नट जागचा हलत नाही आणि टाइट झालेल्या माणसाचा एकही सांधा जागेवर राहत नाही. ज्याचे सगळे पेच ढिले झालेत त्यालाच आपण घट्ट म्हणतो.

हा उलटा कारभार आपला नाही, इंग्रजीचा. एकोणिसाव्या शतकात ‘टाइट’ला दारू चढलेल्या माणसाचा अर्थ मिळाला आणि पुढे तो कथा-कादंबऱ्यांतही रुळला. इंग्रजीला या बाबतीत शब्दांची ददात कधीच नव्हती. बेंजामिन फ्रँकलिनने १७३७ मध्ये आपल्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये झिंगलेल्या माणसासाठी वापरले जाणारे दोनशेहून जास्त शब्द आणि वाक्प्रचार वर्णानुक्रमाने छापले होते. इंग्रजीतली ही सगळी फौज काही आपल्याकडे आली नाही. आले ते मोजकेच: टाइट, फुल, आउट. मला वाटतं, हे बाटलीबरोबर आले. मोहाची दारू प्यायलेल्याला पूर्वी कुणी टाइट म्हणत नसणार. पूर्व विदर्भातल्या बोलीत तो सरळ ‘पेला हाये’ असतो, फार तर ‘तर्र’ असतो. टाइट होतो तो बंद बाटलीतली पिणारा, आणि त्या बाटलीचं नावच मुळी ‘इंग्लिश’ आहे. विदर्भात आजही दारूच्या पायऱ्या अशाच सांगितल्या जातात, मोहाची, देशी आणि इंग्लिश. सरकारी कागदावर इंग्लिशचं नाव ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असं आहे. बनावट भारतीय, मद्य विदेशी, आणि आतला माल अनेकदा साखर कारखान्याच्या मळीतून निघालेल्या अल्कोहोलचा. असं नाव कुठल्या विनोदी लेखकाला सुचलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

शब्द आले, पण ते ज्या शिडीवर बसले ती शिडी आधीपासून इथली आहे. पिणाऱ्यांच्या बोलण्यात नशेचे टप्पे फार काटेकोर असतात. आधी ‘लागते’, मग ‘चढते’. मग माणूस ‘झिंगतो’, नंतर ‘तर्र’, ‘टुन्न’, ‘टल्ली’ किंवा ‘टाइट’ होतो, आणि शेवटी ‘आउट’ किंवा ‘आडवा’. या शब्दांचा क्रम आणि मेंदूत घडणाऱ्या गोष्टींचा क्रम बराचसा जुळतो, ही मला नेहमी कौतुकाची गोष्ट वाटत आली आहे.

दारूतलं अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. पोटातून, पण मुख्यतः लहान आतड्यातून, ते रक्तात जातं आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचतं. मेंदूत ब्रेक लावणारी रसायनं आहेत तशी गती देणारीही आहेत. इथेनॉल पहिल्यांचं काम वाढवतं, दुसऱ्यांचं दाबतं. म्हणजे एकंदरीत मेंदू मंदावतो. मग सुरुवातीला माणूस उत्साही का दिसतो? कारण सगळ्यांत आधी मंदावतो तो कपाळामागचा भाग, जो ‘हे बोलू नको, ते करू नको’ असं सांगत असतो. पहारेकरीच पेंगला की वाडा गजबजतो. ‘लागली’ ती इथे. एरवी सासऱ्यासमोर मान वर न करणारा जावई अचानक शेतीच्या वाटणीवर बोलायला लागतो. त्यानंतर पाळी येते लहान मेंदूची. तोल, चाल आणि जिभेचे बारीक हेलकावे त्याच्या ताब्यात असतात. पाय लटपटतात, ‘गडचिरोली’ या शब्दातला ‘ड’ आणि ‘र’ एकमेकांत अडकतात. आणखी वर गेलं की आठवणी साठवणारा भाग थांबतो. माणूस बोलत असतो, चालत असतो, पण सकाळी त्याला काही आठवत नाही. सगळ्यांत शेवटी मेंदूच्या देठातलं श्वासाचं केंद्र मंदावतं. ‘आउट’च्या पलीकडे पिणाऱ्यांच्या कोशात शब्द नाही. तिथे फक्त डॉक्टरचा शब्द असतो.

आणि झिंग? मराठीत झिंग म्हणजे घेरी, भोवंड. ही नुसती उपमा नाही. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव असतो आणि एक मऊ पडदा असतो. एरवी दोघांची घनता सारखी, म्हणून डोकं हललं तरच पडदा वाकतो. रक्तातलं अल्कोहोल आधी त्या पडद्यात शिरतं, द्रवात उशिरा. मधल्या काळात पडदा द्रवापेक्षा हलका होतो, तरंगायला लागतो आणि अंथरुणावर स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूला निरोप पाठवतो की आपण फिरतोय. खाट गरगरते ती अशी. पहाटे अल्कोहोल उतरताना तेही आधी पडद्यातून जातं, म्हणून उलट दिशेने पुन्हा एकदा गरगरतं. ज्याने ‘झिंग’ हा शब्द दारूला लावला, त्याला नळ्या आणि पडदे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याची खाट फिरली होती, एवढं पुरेसं होतं.

‘उतरली’ हेही तसंच मोजता येतं. यकृत इथेनॉलचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट. हे काम ठरावीक वेगाने चालतं, साधारणपणे तासाला दर १०० मिलिलिटर रक्तातून १५ मिलिग्रॅमच्या आसपास. लिंबूपाणी, ताक, डोक्यावर बादलीभर गार पाणी, यांतलं काहीही हा वेग वाढवत नाही. सकाळी ‘उतारा’ म्हणून पुन्हा दोन घोट घेणाऱ्याला बरं वाटतं, कारण तो उतरणं पुढे ढकलतो. उतारा हा शब्द खरं तर विषावरच्या औषधाचा आहे. त्या माणसाच्या हातून तो फार वाईट रीतीने वापरला जातो.

नशेच्या बाबतीत इंग्रजीच्याही आधी आपण अरबी-फारसीकडे उधारी केली होती, आणि ती उधारी जास्त खोल गेली. ‘दारू’ हा फारसी शब्द मुळात औषधाचा. ‘दवादारू’त तो अजून शुद्धीवर आहे. मराठीत त्याला बंदुकीच्या भुकटीचाही अर्थ मिळाला. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी असताना भद्रावतीच्या आयुध निर्माणीत दारूगोळा मात्र राजरोस तयार होत होता. ‘कैफ’ म्हणजे अरबीत मनाची अवस्था. ‘खुमार’ म्हणजे नशा उतरतानाचा जडपणा, डोकेदुखी. मराठीत येईपर्यंत त्याची ‘खुमारी’ झाली आणि त्या डोकेदुखीला इतकं देखणं रूप आलं की आपण गाण्याची खुमारी, कथेची खुमारी असं म्हणू लागलो. ‘मस्त’ म्हणजे फारसीत दारू चढलेला. आज शाळेतलं पोरही डब्यातली भाजी मस्त आहे म्हणतं आणि आईला त्यात काही गैर वाटत नाही. हाच शब्द माजावर आलेल्या हत्तीसाठी इंग्रजांनी उचलला आणि तो त्यांच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसला.

हत्तींचं निघालंच आहे तर थोडं विषयांतर करतो. सिरोंचा वनविभागात कमलापूरला वनखात्याचा हत्तीकॅम्प आहे, आणि २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळपही गडचिरोलीत येऊ लागला. हत्ती मोहफुलांच्या वासाने घरं फोडतात हे खरं आहे. फुलांत साखर भरपूर असते. पण ते पिऊन तर्र होतात का? २०२२ मध्ये ओडिशातल्या केओंझार जिल्ह्यात आंबत घातलेल्या मोहाच्या फुटलेल्या मडक्यांजवळ २४ हत्ती झोपलेले सापडले, तेव्हा गावकऱ्यांनी तसंच सांगितलं. वनखात्याला मात्र खात्री नव्हती. आफ्रिकेतल्या मारुला फळांबद्दल अशीच कथा आहे. २००६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी हिशेब मांडून दाखवलं की एवढ्या धिप्पाड देहाला नुसत्या आंबलेल्या फळांनी नशा यायची तर त्याला अशक्य प्रमाणात फळं खावी लागतील. पुढे २०२० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी लक्ष वेधलं की हत्तींमध्ये अल्कोहोल पचवणारं एक जनुक निकामी झालेलं आहे, त्यामुळे माणसाचं गणित त्यांना लावू नये. दोन्ही बाजू ऐकून मी हत्तीला संशयाचा फायदा दिला आहे.

परकी उधारी म्हणताना माझ्या सगळ्यांत आवडीचा शब्द राहूनच जायचा, तो म्हणजे ‘अंमल’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ काम, कारभार. मराठीत अंमल म्हणजे सत्ता: मुघलांचा अंमल, इंग्रजांचा अंमल. अंमलदार म्हणजे सत्ता राबवणारा. आणि अंमल म्हणजे नशासुद्धा, म्हणून तर ‘अंमली पदार्थ’. शरीरावर दुसऱ्याचं राज्य सुरू होतं, हे या एका शब्दात जितकं नेमकं सांगितलं गेलंय तितकं मला ‘टाइट’मध्ये दिसत नाही. त्यावर कळस म्हणजे ‘दारूबंदीची अंमलबजावणी’. वर्षानुवर्षं हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत छापला जातोय आणि त्यात कुणाला हसू येत नाही.

देवाणघेवाण दोन्हीकडून झाली, हेही नोंदवायला हवं. आपण टाइट घेतलं, पण त्याआधी आपली ताडी इंग्रजांनी नेली. तिचं ‘टॉडी’ झालं, आणि स्कॉटलंडच्या थंडीत व्हिस्की, गरम पाणी आणि साखर यांच्या मिश्रणाला ते नाव मिळालं. पाच जिनसांचं म्हणून ‘पंच’ हे पेयही इथूनच गेलं, असं बहुतेक कोशकार मानतात. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरीच्या काठी सिरोंच्याला गेलात तर ताडीही मागे पडते. तिथे तेलुगू ‘कल्लु’ भेटतो. तमिळमधला ‘कळ्’ आणि गोंडीतला दारूसाठीचा ‘कल’ ही त्याचीच भावंडं. मोहाला तिथे ‘इप्पा’ म्हणतात, तमिळमध्ये ‘इलुप्पै’. म्हणजे सोमनूरच्या संगमापासून कन्याकुमारीपर्यंत या झाडाच्या आणि या पेयाच्या नावांची एक जुनी साखळी आहे, आणि तिच्या उत्तरेकडच्या कड्या आपल्या जिल्ह्यांत आहेत. भामरागडकडे आणखी एक झाड आहे, गोरगा, म्हणजेच छत्तीसगडमधली सल्फी. त्याच्या घोसाला चीर देऊन रस काढतात. सकाळी प्यायला तर गोड, दुपारपर्यंत आंबलेला. तिथे पेयाचं नाव आणि झाडाचं नाव एकच.

पण इथला खरा मालक मोह. मार्च-एप्रिलमध्ये पानं गळालेल्या फांद्यांच्या टोकांना घोस लागतात आणि रात्री-पहाटे फुलं टपटपतात. पिवळट पांढरी, मांसल, द्राक्षासारखी रसरशीत. पहाटे टोपल्या घेऊन बायका-पोरं झाडाखाली वाकलेली असतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही किंवा आरमोरीच्या रानात वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या या दिवसांत वाढतात, त्याचं एक कारण हेच. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त वजन साखरेचं असतं. दुष्काळात उकडून खायला, भाकरीत घालायला, गुरांना द्यायला, लाडू करायला मोह उपयोगी पडतो. फळाच्या बीचं तेल निघतं. एवढं सगळं देणाऱ्या झाडाचं नाव ऐकताच शहरी माणसाच्या डोळ्यांसमोर फक्त बाटली येते. इंग्रज सरकारचंही तसंच झालं होतं. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं गोळा करण्यावरच बंधनं घातली गेली. घरोघरी गाळली जाणारी दारू थांबली की मक्तेदाराच्या दुकानातली खपेल आणि अबकारी वाढेल, असा तो रोकडा विचार होता.

मोहाच्या दारूचा शब्दकोश कृतीतून आलेला आहे. वाळलेली फुलं पाण्यात भिजत घालतात, ती चार-सहा दिवसांत आंबतात, फसफसतात. हा ‘सडवा’. पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत ‘मोहसडवा नष्ट’ असं वाचायला मिळतं ते हेच. यीस्ट साखर खातं आणि इथेनॉल नि कार्बन डायऑक्साइड सोडतं. अल्कोहोल १२-१५ टक्क्यांच्या घरात गेलं की ते स्वतःच्याच मालात गुदमरून थांबतं. गुळाच्या हातभट्टीत नवसागर टाकतात तो या यीस्टला नायट्रोजनचा खुराक म्हणून, आंबणं लवकर उरकावं यासाठी. मग सडवा भांड्यात चढवून खाली जाळ लावायचा, वरच्या भांड्यात गार पाणी ठेवायचं आणि वाफ थंड होऊन नळीवाटे थेंब थेंब उतरू द्यायची. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. म्हणून सुरुवातीला येणारी वाफ अल्कोहोलने भरलेली असते आणि नंतर नंतर पाणचट होत जाते. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग या पदार्थविज्ञानातून निघाला आणि पुढे विनोदापासून राजकारणापर्यंत सगळीकडे गेला. पहिल्या धारेची चुलीत शिंपडली तर निळा भडका उडतो. पारखण्याची ती जुनी रीत.

विषारी दारूच्या बातम्या आल्या की लोक मोहाकडे बोट दाखवतात, ते बरोबर नाही. माणसं मारतं ते मिथेनॉल, आणि जीवघेण्या प्रमाणात ते येतं कारखान्यातून चोरलेल्या पिंपांतून. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं दगावली ती अशाच भेसळीने. यकृत मिथेनॉलचं फॉर्मिक ॲसिड करतं, ते आधी डोळ्यांची नस जाळतं आणि मग जीव घेतं. अशा रुग्णाला डॉक्टर कधी कधी साधं इथेनॉलच देतात, कारण यकृत ते पचवण्यात गुंतलं की मिथेनॉल तसंच लघवीवाटे निघून जायला वेळ मिळतो. तिथे दारू पुन्हा आपल्या फारसी अर्थाला येते.

विष आणि नशा यांचं नातं इंग्रजीच्या कायदेशीर शब्दात तर उघडच आहे. ‘इंटॉक्सिकेटेड’ हा कोर्टातला, डॉक्टरी कागदावरचा शब्द. त्याच्या पोटात लॅटिन ‘टॉक्सिकम’ आहे, त्याच्या पोटात ग्रीक ‘टॉक्सिकॉन’, आणि त्याच्याही पोटात ‘टॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य. बाणाच्या टोकाला लावायचं विष, तिथून नुसतं विष, तिथून विष चढलेला, आणि शेवटी दारू चढलेला. धनुष्यबाण अजून भिंतीला टांगलेला दिसतो अशा माडिया घरांच्या प्रदेशात हा शब्द ग्रामसभांपर्यंत पोचला तो १९९६ मध्ये. त्या वर्षीच्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जे अधिकार दिले, त्यांत ‘कोणत्याही मादक पदार्थाची’ विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार आहे. इंग्रजी मसुद्यात तिथे ‘इंटॉक्सिकंट’ आहे, म्हणजे बाणाचं विष. मराठीत ‘मादक’ आहे, म्हणजे मद आणणारं. माडियांच्या पंडुमाला म्हणजे सणाला, लग्नाला, मयताला देव-पितरांसाठी जमिनीवर ओतला जाणारा पहिला घोट या दोन्ही शब्दांत नीट बसत नाही. काय थांबवायचं आणि काय राहू द्यायचं हे गावाने ठरवायचं, अशी तरतूद आहे. कायद्यातली ही थोडी शहाणी जागा.

राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा इतका मोकळा नाही. महाराष्ट्रात कायद्याने दारू प्यायला आजही परवाना लागतो. म्हणूनच आपल्याकडच्या बारवर ‘परमिट रूम’ अशी पाटी असते, जी वाचून परप्रांतातला पाहुणा बुचकळ्यात पडतो. या कायद्याने नशेला एक आकडा दिला. रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त अल्कोहोल सापडलं, तर आपण औषध घेतलं होतं वगैरे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. गाडी चालवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याची मर्यादा त्याहून कडक, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आकडा का लागतो? कारण डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. मुंबईतल्या एका वाहन अपघाताच्या प्रकरणात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तोंडाला वास, लटपटती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि अडखळती वाणी एवढ्यावरून माणूस प्यायला होता असा निष्कर्ष काढता येत नाही. पिणाऱ्यांची अख्खी शिडी न्यायालयाने अशी एका वाक्यात काढून घेतली. सरकारी दवाखान्यातल्या तपासणीच्या कागदावर मात्र ती वेगळ्या रूपात उरलीच आहे. ‘मद्यप्राशन केले आहे, परंतु अंमलाखाली नाही’ हे तिथलं ठरलेलं वाक्य. पोटात आहे, पण राज्य अजून त्याचं नाही.

आता ज्यांच्यासाठी हा सगळा कोश निरुपयोगी आहे त्यांच्याकडे येतो. मी ऐकलेल्या बायकांच्या बोलण्यात टप्पे नसतात. झिंगला की टाइट झाला, देशी होती की इंग्लिश, याने घरात काही फरक पडत नाही. ‘पेऊन आला’ एवढीच क्रिया, आणि तिच्यापुढे पूर्णविराम. टाइट, टल्ली, टुन्न हे सोबत बसलेल्यांचे शब्द आहेत. त्यांत थोडं कौतुक असतं, थोडी थट्टा, आणि ‘अजून आउट नाही झाला’ असा बचावही. वर्तमानपत्रं ‘तळीरामांची पंचाईत’ म्हणून मथळा देतात, तोही याच जातीचा. ज्या नाटकातून तळीराम आला, ते ‘एकच प्याला’ हसण्यासाठी लिहिलेलं नाही. नाटककार गडकरी जानेवारी १९१९ मध्ये नागपूरजवळ सावनेरला वारले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं. शंभर वर्षांत आपण त्यातल्या सोसणाऱ्या सिंधूला पाठ्यपुस्तकात ठेवलं आणि तळीरामाला बोलीत घेतलं.

गडचिरोलीत १९८०च्या दशकाच्या अखेरीस दारूविरुद्ध गावोगाव हालचाल सुरू झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था १९८६ पासून तिथे काम करत होती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखासारख्या गावाने दारूचा प्रश्न आपल्या सभेतच बसून सोडवायला घेतला होता. मार्च १९९३ मध्ये सरकारने जिल्ह्यात दारूबंदी जाहीर केली. गांधींचा जिल्हा म्हणून वर्धा त्याआधीच कोरडा होता. चंद्रपूरच्या बायकांना मात्र थांबावं लागलं. ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामींच्या पुढाकाराने डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर बायका पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात बंदी लागू झाली. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली आणि गुन्हे वाढले, हे तेव्हाचं मुख्य कारण. गडचिरोलीची बंदी कायम आहे, आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान दारूबरोबर खर्ऱ्याच्याही, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्याही, मागे लागलं आहे. बंदीने दारू थांबते का, हा वाद मी इथे मिटवणार नाही. बंदीत दारू महाग होते, लपते आणि कधी जास्त घातक होते. बंदी नसताना ती दिवसाढवळ्या, हाकेच्या अंतरावर असते. ज्या बाईला दोन्ही काळ माहीत आहेत तिचं मत मला कुठल्याही समितीच्या अहवालापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, आणि तशा बायका चंद्रपूर जिल्ह्यात आता पुष्कळ आहेत.

जिथे जिल्हाबंदी नाही तिथे महाराष्ट्रात दुकान बंद करायचा एक रस्ता आहे, आणि त्याची चित्रलिपी मला फार आवडते. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. ज्याने कुणी ही चिन्हं ठरवली त्याला बोली ठाऊक होती. गावात रोज रात्री बाटली उभी असते आणि माणूस आडवा होतो. एक दिवस बायकांनी उलटं करायचं.

अट मात्र अवघड आहे. झालेल्या मतदानाची निम्मी मतं चालत नाहीत. यादीत जेवढ्या महिला मतदार आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी त्या दिवशी धान कापायला गेली, जी बाळंतपणाला माहेरी आहे, जी पहाटे मोह वेचायला रानात गेली आणि वेळेत परतली नाही, तिने केंद्रात पाऊल न टाकताच तिचं मत उभ्या बाटलीच्या कामी आलेलं असतं.